शटर चिकटतंय

आमच्या कॅमेऱ्याचे दोन आवाज होते. बरा असला की ‘चट्’. बिघडला की उघडण्याच्या आणि मिटण्याच्या आवाजांमध्ये एक फट पडायची, कोणीतरी बोलता बोलता शब्द विसरावा तशी. स्वयंपाकघर आणि स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत, तीही लाकडाची. त्यामुळे ओट्याशी उभी असले तरी मला कळायचं, आत्ताचा फोटो आला की गेला. या घरात आल्यापासून ते दोन आवाज माझ्या कानात बसले आहेत.

कॅमेरा मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. जुना, दोन भिंगांचा. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्याच्या काचेत बघायचं. मामंजी म्हणायचे, समोरच्या माणसापुढे मान लववल्याशिवाय ह्याच्यात काही दिसतच नाही. थंडीत त्याच्या शटरची पाती एकमेकींना चिकटायची. मग मामंजी, आणि त्यांच्यामागे हे, रोल भरण्याआधी कॅमेरा काखेत धरून त्याला ऊब द्यायचे आणि रिकाम्याच टिचक्या मारत बसायचे. “आधी उठव त्याला,” असं मामंजी ह्यांना सांगत. शेजाऱ्यांना वाटे, फोटोवाल्यांकडे भरदुपारी कोणी अक्रोड फोडतंय.

पुढे मोबाइल आले आणि स्टुडिओत धूळ बसायला लागली. ओळखपत्रांच्या फोटोंवर कसंबसं चाललं. गेल्या काही वर्षांत मात्र वारं फिरलं. तरुण मुलंमुली येऊन विचारू लागली, “तो जुना रोलवाला कॅमेरा आहे ना तुमच्याकडे? त्याच्यावरच काढायचाय.” ह्यांची मान ताठ झाली. पाटी नव्याने रंगवली. कॅमेरा हातातच धरायचा, स्टँडवर कधी लावायचा नाही, हा मामंजींचा नेम ह्यांनीही चालवला. “स्टँडवरचा फोटो म्हणजे सरकारी फोटो,” हे म्हणायचे. “माणसाचा फोटो माणसाच्या श्वासावर निघतो.” आमच्याकडे एक स्टँड होता, लोखंडी, चांगला भक्कम. मागच्या गॅलरीत त्याला दोरी बांधून मी पंचे वाळत घालायची.

स्टुडिओतली माझी कामं दोन. बाहेर पांढरा पुठ्ठा धरायचा, खिडकीतला उजेड माणसाच्या सावलीतल्या गालावर परतवायला. आणि आत, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, रोल धुवायचे आणि कागदावर फोटो उतरवायचे. ती खोली इतकी ठेंगणी आहे की मला वाकून उभं राहावं लागतं. आतून कडी लावली की लाल दिवा, औषधांचा आंबूस वास आणि मी. जपाला याहून शांत जागा घरात नव्हती.

माझं सकाळचं मौन असतं. आंघोळ करून देवापुढे दिवा लावला की दुपारचं ताट वाढेपर्यंत बोलायचं नाही. लिहूनही सांगायचं नाही, कारण अक्षरांनी बोलणं तेही बोलणंच. हाताच्या खुणा तेवढ्या चालतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा धरलेला नेम, त्या गेल्या तरी सुटला नाही. आणि बोलेन तेव्हा खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवालासुद्धा सकाळी माझ्याशी भाव करताना नुसती बोटं नाचवतो, जणू त्याचंही मौन आहे.

ह्या थंडीच्या सुरुवातीला फोटो हलायला लागले.

पहिलं एक नवं जोडपं. मुलगी हसत म्हणाली, “काका, ह्यात आम्ही दोघं आहोत की चौघं?”

“शटर चिकटतंय,” हे म्हणाले. “थंडी आहे ना. पुन्हा या, फुकट काढून देतो.”

पुन्हा काढले, त्यातला एक बरा निघाला. मग एक म्हातारे गृहस्थ. मग एक बाळ, पण बाळच हललं असेल म्हणून त्याचे आईबापच ओशाळले. दर वेळी हे कॅमेरा कानाशी लावायचे, टिचकी मारायचे आणि जाणत्यासारखी मान हलवायचे. “शटर चिकटतंय.”

मीच म्हटलं, एकदा घड्याळकाकांना दाखवू या. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शटर म्हणजे शेवटी चाकं आणि स्प्रिंगाच, मामंजींच्या वेळीही तेच बघायचे. हे जरा कां-कूं करत होते, मग म्हणाले, “ने.”

आणायलाही मीच गेले, दुपारची. काकांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

“पात्यांवर तेल वाळून डिंक झाला होता, वहिनी. सगळी सोडवली, पुसली. आता ऐका.” त्यांनी टिचकी मारली. चट्. पुन्हा मारली. चट्. “बर्फात ठेवा नाहीतर शेगडीवर ठेवा, हे आता अडायचं नाही. अडलं तर माझं दुकान तुमच्या नावावर.”

“नको हो काका, आमचंच एक झेपेना.”

ते हसले. मग खणातून त्यांनी एक बारीक काळी तार काढली. एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला स्क्रू. “हेही असू द्या. कॅमेऱ्याला लावायचं आणि लांबून दाबायचं. कॅमेऱ्याला बोट लागत नाही.”

“हे कशाला?”

काका कॅमेऱ्याचं पाकीट बंद करत राहिले. “परवा दादा घड्याळाचा पट्टा घ्यायला आले होते. म्हणाले, मीच बसवतो. बराच वेळ बसवत होते. पिन काही भोकात जाईना.”

एवढंच बोलले ते. मीही पुढे विचारलं नाही. घरी येऊन तार चमच्यांच्या खणात टाकली.

कॅमेरा बरा होऊन आला त्यानंतरचा पहिला रोल मी धुतला. फोटो हललेलेच होते.

शटर चिकटल्यावर काय होतं ते मला पाठ आहे. उजेड नको तितका आत जातो आणि निगेटिव्ह कोळशासारखी काळी होते. ही काळी नव्हती, उजेड मापात पडला होता. बरं, बसलेला माणूस हलला म्हणावं तर माणूसच पुसट होईल, खुर्ची कशाला होईल? इथे खुर्चीचे हातसुद्धा जोडीजोडीने दिसत होते. मागच्या भिंतीवरचा खिळा जुळा झाला होता. म्हणजे कॅमेराच हलला होता. आणि कॅमेरा होता ह्यांच्या हातात.

ती ओली पट्टी लाल दिव्याशी धरून मी वाकून उभी राहिले. बाहेरून ह्यांनी दारावर टकटक केलं.

“कसे आलेत?”

“बघतेय,” मी म्हटलं.

मग एकेक जुळायला लागलं. चहाचा कप हे हल्ली अर्धाच भरून मागत होते. बटणांचे शर्ट कपाटातच राहत होते, डोक्यावरून घालायचे तेवढे धुवायला पडत. कुठे सही करायची असली की ‘ठेव, नंतर करतो.’ मी बायको असून मला हे दिसलं नव्हतं. घड्याळकाकांना एका पट्ट्यावरून दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटावर मी विषय काढला.

“अहो, शटर चिकटत नाहीये.”

“चिकटतंय.”

“काका म्हणाले...”

“काकांना ऐकू कुठे येतं आता!”

“निगेटिव्ह काळी नाही. खुर्चीसुद्धा हललीय.”

“खुर्ची जुनी आहे.”

मला हसू आलं, तरी मी विचारलं, “एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या?”

उजवा हात त्यांनी टेबलाखाली नेला. “कोणाला बोललीस का?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. हात थरथरणाऱ्या फोटोवाल्याकडे कोण येईल? शटर म्हटलं की लोक समजून घेतात. यंत्राचं दुखणं म्हटलं की पुन्हा येतात. माणसाचं म्हटलं की...” ते उठले. ताटात अर्धं तसंच होतं.

त्यानंतर स्टुडिओची वेळ बदलली. मामंजींच्या काळापासून आमच्याकडे फोटो दुपारनंतर निघत. समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन आलं की आमच्या खिडकीतून मऊ, दुधासारखा उजेड आत येतो, आणि तेवढाच काय तो आमचा थाट. हे म्हणाले, “ह्यापुढे सकाळीच काढायचे. सकाळी लोकांना सवड असते.” सकाळी उजेड कमी, गारठा जास्त. तयार फोटो न्यायलाही लोकांना सकाळीच बोलवायला लागले. मला काही उलगडेना.

मग एका सकाळी एक बाई आपले हललेले फोटो घेऊन माझ्याकडेच वळल्या. “वहिनी, तुम्ही तरी खरं सांगा बाई, हे मशीनचंच काही आहे ना?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गल्ल्यामागून शांतपणे म्हणाले, “तिचं मौन आहे हो. दुपारपर्यंत बोलत नाही ती.”

“अगं बाई, विसरलेच! माफ करा हं वहिनी,” म्हणत त्या मला नमस्कार करून गेल्या.

मी पुठ्ठा हातात धरून तशीच उभी राहिले. दुपारी कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुपारच काढून टाकली होती. माझा नेम त्यांनी घराला आतून कडीसारखा लावून घेतला होता. आणि कडीच्या आत आम्ही दोघं होतो.

रोज दिवा लावताना मनात यायचं, आजच्या दिवस राहू दे का हे मौन? सोडायचं तर कशासाठी, नवऱ्याचं झाकलेलं चारचौघांत उघडं करायला? आणि धरून ठेवायचं तर त्या हाताला काय झालंय ते कोणी बघणारच नाही, कपातला चहा दिवसेंदिवस आणखी खाली जात राहील. गप्प राहणं एवढं सोयीचं झालं तर त्याला नेम तरी म्हणायचं का? माळ ओढता ओढता जप तुटायचा आणि त्या जागी लाकडी भिंतीपलीकडची टिचकी ऐकू यायची. चट्. चट्. एकदाही अडली नाही. दुपारी बोलायला मोकळी व्हायची तेव्हा हे जेवून लगेच बाहेर पडायचे, ते दिवेलागणीला यायचे, आल्यावर डोळे मिटून आरामखुर्चीत. मी “अहो” म्हटलं की “डोकं दुखतंय.” जिन्याखालच्या खोलीत आता मला गुदमरायला व्हायचं. एकेक जुळा माणूस पाण्यातून वर यायचा आणि माझ्याकडे बघायचा.

थंडी सरता सरता एका सकाळी बँकेतल्या कॅशियरबाई आल्या. काचेमागे बसून अख्ख्या पेठेला दम देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या दिवशी कडक इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बांधलेले.

“दादा, आज असा फोटो काढा की बघणाऱ्याने उठून उभं राहिलं पाहिजे. उद्या ऑपरेशन आहे माझं. डाव्या बाजूचा जबडा काढणार आहेत.”

हे नुसतेच बघत राहिले.

“असे काय बघताय? आहे अजून जागेवर. ह्या तोंडाने जन्मभर लोकांना ‘सुट्टे आणा’ म्हणून पिटाळलं, त्यांचेच तळतळाट लागले असतील.” हसून झाल्यावर त्यांनी खुर्चीचा हात उगाच पुसला. “आई आहे घरी. माणसं विसरते हल्ली. माझं नावही आठवत नाही, पण चेहरा बघितला की शांत होते. आता घरी परत जाईन तेव्हा ही कोण आली म्हणून घाबरेल ती. म्हणून पलंगासमोर मोठा फोटो लावून ठेवायचाय. रोज दाखवायचा, ही बघ, ही मी, आणि ही पण मीच. भाचीने मोबाइलवर ढीगभर काढलेत, पण त्यातलं माणूस आईला माणूस वाटत नाही. तुमच्या वडिलांनी काढलेला माझा लहानपणचा फोटो ती उशाशी घेऊन झोपते. तसा हवा. त्याच कॅमेऱ्यावरचा.”

“या, खुर्चीत या,” हे म्हणाले.

सकाळ होती. माझं तोंड बंद होतं. मी पुठ्ठा उचलला.

ह्यांनी सवयीने रिकाम्या टिचक्या मारल्या. सगळ्या स्वच्छ वाजल्या. रोल भरताना मात्र ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. रोलच्या टोकाची कागदी जीभ फटीत जाईना. त्यांचे खांदे मला मागून दिसत होते, जड काहीतरी उचलल्यासारखे.

“थंडीत जरा चिकटतं हे शटर,” वळून ते बाईंना म्हणाले. “पण काळजी नको. दोन-तीन काढून ठेवू.”

फोटोच्या आधीच कारण तयार होतं. रोलवरचा फोटो काढताना कोणालाच दिसत नाही, त्यावरच तर आमचं झाकलेलं राहत आलं होतं. तो धुऊन हातात येईपर्यंत बाई ऑपरेशनच्या टेबलावर असणार. पुन्हा या, फुकट काढून देतो, असं कोणाला म्हणायचं? पुन्हा येतील तो चेहरा हा नसेल.

मी हाताने ह्यांना खूण केली. तीन बोटं खाली टेकवून दाखवली, स्टँड.

“तिचं म्हणणं, हनुवटी जरा वर घ्या,” हे बाईंना म्हणाले.

बाईंनी हनुवटी वर घेतली.

मी पुठ्ठा ठेवला, गॅलरीत गेले आणि स्टँडच उचलून आणला. दोरी सोडायलाही थांबले नाही. त्याच्यावर दोन ओले पंचे लोंबत होते.

“वहिनी, मला पुसणार आहात की काय?” बाई खुसखुसल्या.

“सकाळी तिची काहीतरी आवराआवर चालू असते,” हे म्हणाले आणि पायाने स्टँड बाजूला सारला. माझ्याकडे पाहिलं नाही. मान खाली घातली, काचेत बघितलं. “हं. असंच. हलू नका.”

चट्. दाबताना कॅमेरा त्यांच्या पोटावर पाखरू फडफडावं तसा उडाला. त्यांनी रोल पुढे फिरवला. पुन्हा चट्. पुन्हा तसाच उडाला. तिसरा. बाई दगडासारख्या निश्चल बसल्या होत्या. इतकं शहाण्यासारखं आमच्या त्या खुर्चीत कोणी बसलं नसेल.

“झालं,” हे म्हणाले. “छान आलाय.”

बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली. “भाचीला पाठवते न्यायला. येते हं वहिनी. देवाजवळ माझ्यासाठी दोन शब्द टाका, तुमचं तो ऐकतो.”

“बसा,” मी म्हटलं.

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. गंजलेला, जाडा. सकाळच्या वेळी त्या खोलीने तो कधी ऐकलाच नव्हता. बाईंचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला.

“वहिनी! अहो, तुमचं मौन!”

“बसा, बाई. फोटो आलेला नाही.”

“अगं, शटर जरा...” हे म्हणाले.

“शटर चिकटत नाही. काकांनी दुरुस्त करून दिल्यापासून एकदाही चिकटलं नाही.” मी ह्यांच्याकडे वळले. “तुमचा हात थरथरतो. खुर्चीत बसलेलं माणूस जुळं येतंय. बाईंना उद्या पुन्हा येता यायचं नाही.”

ह्यांना मी रागावलेलं पाहिलंय, रुसलेलं पाहिलंय. असं उघड्यावर पडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी हात खिशात घालायला नेला आणि तो खिशाच्या कडेलाच अडखळत राहिला. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत होतो. गल्ल्याजवळच्या दारातून निघून जातील असं मला वाटलं. जायला दोन पावलं टाकलीसुद्धा. पण कॅमेरा गळ्यात होता, त्याचा पट्टा खुर्चीच्या हाताला अडकला आणि त्यांना थांबावं लागलं.

बाईंनीच तो पट्टा सोडवला. मग पर्स खाली ठेवून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

“कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं, काचेमागून खातेदाराला विचारावं तसं.

“थंडीपासून,” हे म्हणाले. मग जरा थांबून, “त्याच्याही आधीपासून.”

“आणि दाखवलं नाहीत कोणाला. मी पण गाठ लपवली होती, दादा. दात दुखतोय म्हणायची. त्या दातापायी आता जबडा चाललाय.” त्यांनी केस सारखे केले. “बरं, ते राहू द्या. आजच्या दिवस माझं तोंड शाबूत आहे, तेवढ्यात काढा. उद्या उपाशी ठेवणार आहेत मला, आजचं जेवण चुकवायचं नाहीये.”

मी पंचे काढून बाकावर टाकले, दोरी सोडली, स्टँडचे पाय उघडले. माझं ज्ञान तिथे संपलं. उंची, अंतर, फोकस, त्यातलं मला काही येत नाही. मी स्टँडपाशी उभी राहून ह्यांची वाट बघत राहिले.

ह्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला. गिऱ्हाईक समोर असताना मी ते कधीच पाहिलं नव्हतं. स्टँडवर बसवायला घेतला तेव्हा हात सगळ्यांसमोर थरथरला, स्क्रू दोनदा निसटला, आणि त्यांनी तो पाठ न फिरवता लावला. मी चमच्यांच्या खणातून तार आणून पुढे केली.

“ही कुठून आली?”

“घड्याळकाकांनी दिलीय. कॅमेऱ्याबरोबर.”

“कॅमेऱ्याबरोबर!” ते तारेकडे बघत राहिले. “म्हणजे त्यांनाही...” तार लावली, मान खाली घातली, बराच वेळ काचेत बघितलं. मी पुठ्ठा धरला. तार त्यांच्या मुठीत हलत होती, पण मधल्या ढिल्या वळणात ते हलणं विरून जात होतं. कॅमेरा जागचा ढळला नाही.

“हलू नका,” हे म्हणाले.

“मी कुठे हलतेय?” बाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. ते हसू चेहऱ्यावर असतानाच आवाज झाला. चट्.

रोल संपेपर्यंत हे फोटो काढत राहिले.

दुपारी ताटावर मी बोलायला मोकळी होते आणि हे गप्प होते. जेवून बाहेर मात्र गेले नाहीत. मी देवापुढे जाऊन बसले. मोडलेल्या नेमाचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. देव काही म्हणाला नाही. तो कधीच म्हणत नाही, त्याचं मौन माझ्याहून जुनं आहे. थोड्या वेळाने मी दिव्याची वात सारखी केली आणि रोल धुवायला उठले.

रोल वाळून कागद काढेपर्यंत समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरलं होतं. जिन्याखाली कडी लावून मी पहिला कागद उजेडाखाली धरणार, तेवढ्यात दारावर टकटक झालं.

“उघडतेस का?”

त्या खोलीत ह्यांनी कित्येक महिने पाय ठेवला नव्हता. आत आले आणि माझ्यासारखेच वाकून उभे राहिले. मी पुन्हा कडी लावली. दोघांना हलायला जागा नव्हती. मी निगेटिव्हची पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. सुरुवातीची तीन चित्रं त्यांनी पाहिली. बाई जुळ्या, खुर्ची जुळी, भिंतीवरचा खिळा जुळा. मग पुढची पाहिली. पुन्हा मागची. पुन्हा पुढची. बाहेर जिन्यावरून कोणीतरी चढून गेलं, पावलं आमच्या डोक्यावरून गेली.

“खुर्ची जुनी नाहीये,” हे म्हणाले.

मी पट्टी परत जागेवर लावली.

“उद्या सकाळी तुझं मौन असेल?”

“असेल.” मला वाटलं ते मोडल्याबद्दल काही म्हणणार. “आज मोडलं, उद्या परत धरेन.”

“डॉक्टर सकाळीच असतात म्हणे.” भिंग त्यांनी खाली ठेवलं, ते फळीवर खडखडलं. “तू बरोबर आलीस तरी बोलणार नाहीस.”

“नाही.”

“म्हणजे सगळं मलाच सांगावं लागणार.”

“हो.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. मी कागदावर उजेड पाडला आणि तो कोरा पांढरा कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. ट्रे सारखा हलवत राहावा लागतो, नाहीतर फोटोवर डाग पडतात. मी हात पुढे केला, पण ह्यांनी आधीच ट्रेची कड धरली होती. औषध आपोआप लाटा मारायला लागलं.

“हे काम जमतंय,” हे म्हणाले.

लाल दिव्याखाली आम्ही दोघं वाकून बघत होतो. आधी केस आले, मग डोळे, मग खुर्चीचे दोन हात. हसू सगळ्यात शेवटी आलं, दोन्ही गालांवर.